ते 90 दिवस विम्याशिवाय काढू नका

तुम्ही विचारलंत, अमेरिकेतल्या कंपनीचा विमा रुजू झाल्यावर 90 दिवसांनी सुरू होणार आहे, तर तेवढे दिवस बायको-मुलीसह विम्याशिवाय काढले तर चालेल का? व्हिसा, घरभाडं, लायसन्स यांची माहिती सगळीकडे मिळते, ते सोडतो. पण हा प्रश्न वाचल्यावर मला रात्री झोप लागली नाही.

आम्ही तसे दिवस काढले होते. माझी नोकरी गेली आणि तिच्यासोबत विमाही. इथे 'कोब्रा' नावाची सोय असते. जुनाच विमा पुढे चालू राहतो, फक्त कंपनी भरायची तो हिस्साही आपणच भरायचा, वर दोन टक्क्यांपर्यंत खर्च. आकडा बघून मी ते पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. चाळिसाव्या दिवशी लेक झोपाळ्यावरून पडली. मनगट टम्म सुजलं. बायकोनं हळदीचा लेप दिला आणि स्वयंपाकघरात आम्ही दबक्या आवाजात हिशोब करत बसलो. आत्ता इमर्जन्सीत नेलं तर किती, सकाळपर्यंत थांबलो तर किती. तेवढ्यात ती दारात येऊन म्हणाली, "बाबा, आता नाही दुखत." सहा वर्षांची पोर. तिनं सगळं ऐकलं होतं.

सकाळी एक्स-रे काढला. हाड मोडलं होतं.

कोब्रा घ्यायचा की नाही हे ठरवायला 60 दिवस मिळतात, आणि घेतला की तो जुना विमा संपला त्या दिवसापासून लागू होतो. त्याच पाकिटात लिहिलेलं होतं. मी उघडून नीट वाचलं नव्हतं. ती सल अजून जात नाही.

तुम्ही पोचल्यापासून 60 दिवसांत सरकारी मार्केटप्लेसवर, म्हणजे आपला आपण विमा घ्यायच्या सरकारी वेबसाइटवर, प्लॅन घ्या. तो बहुतेक पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून लागतो, म्हणून मधल्या दिवसांसाठी सोलापुरातून निघतानाच प्रवास-विमा काढा. मुलीचं लसीकरणाचं कार्ड डॉक्टरांकडून टाईप करून, सही-शिक्क्यानिशी आणा. आमच्या कार्डावरचं अक्षर शाळेला लागेना, दोन लसी पुन्हा टोचाव्या लागल्या. विमा नसलेल्या मुलांना लस सरकारी योजनेतून मिळते, हेही तेव्हाच कळलं. लस सरकार देतं, पासष्टीनंतर 1965 च्या कायद्यानं आलेला मेडिकेअर हा सरकारी विमा आहे. 1986 च्या कायद्यानं इमर्जन्सीत आलेल्याला परत पाठवता येत नाही, पण बिल मागून घरी येतंच. मधल्या वयाच्या माणसानं नोकरी टिकवायची आणि आजारी पडायचं नाही.

एकटेपणाचं म्हणाल तर सवय होते. जानेवारीत सोलापूरच्या गड्डा यात्रेचे फोटो यायला लागले की थोडं जड जातं, एवढंच.

सगळ्यांना सरकारी विमा द्या म्हटलं की इथले सहकारी म्हणतात, कर वाढेल, रांगा लागतील. रांगेचं मला ऐकवू नका. यंत्रमागावर काम करणाऱ्या अप्पांचा केसपेपर हातात धरून सरकारी दवाखान्याच्या रांगेत मी तासन्‌तास उभा राहिलोय. अप्पा तिथे मोठ्यानं कण्हायचे. दुखत नाही, असं त्यांना एकदाही म्हणावं लागलं नाही.