गळा की छाती?

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. चारातली अडीच पानं तुमच्या पुरावरच्या माहितीपटाच्या गटातल्या बाकीच्या तिघांच्या तक्रारींची आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच खऱ्या असाव्यात. ज्याच्याकडे कॅमेरा तो स्वतःला दिग्दर्शक समजतो, हे आमच्या वेळीही होतंच. ते सोड. मधे एक वाक्य तू सहज लिहून गेलीस, माझं लक्ष तिथे अडकलं. 2019 च्या पुरात पाणी नाशिकच्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, तर तुझ्या वहीत 'छाती' आणि कॅमेरावाल्याच्या वहीत 'गळा'. यावर दोन दिवस अबोला!

दोघांपैकी कुणी किती वाजताचं पाणी ते लिहिलंय का?

नाशिककराची पूर मोजायची पट्टी म्हणजे मारुतीच. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पूर आला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मारुती कुठपर्यंत बुडाला? पण पाणी काही एका जागी थांबून राहत नाही. सकाळी छाती असेल, दुपारी गळा. मग दोन्ही वह्या बरोबरच. आणि घाटावरचे आजोबा 'त्या साली' म्हणतात तेव्हा ते 2008 कशावरून नसेल, 2016 कशावरून नसेल? त्यांना साल विचारू नकोस. नातू तेव्हा कितवीत होता ते विचार. माणसं सालं विसरतात, घरातलं विसरत नाहीत.

आकड्यांचंही तेच. गंगापूर धरणातून सोडलेला विसर्ग वेगळा आणि होळकर पुलाखालून वाहणारं पाणी वेगळं. धरणाच्या खाली, शहरात कोसळलेला पाऊस नाल्यांतून मधेच येऊन मिळतो. तुमच्या संहितेत एकच आकडा दोन ठिकाणी दोन अर्थांनी आलाय. एकीने धरणाचा आणला, दुसऱ्याने पुलाचा समजून वापरला. आळशी कुणीच नव्हतं, फक्त कुठला आकडा ते कागदावर नव्हतं.

हसू नकोस, मीही हे केलंय. नोकरीच्या पहिल्या पावसाळ्यात सहकाऱ्याने फोनवर ऐकलेला आकडा बसच्या तिकिटामागे लिहून माझ्या टेबलावर ठेवला आणि तो चहाला गेला. एकक नव्हतं. मी आपल्या मनाने 'क्युसेक' जोडून बातमी सोडून दिली. तो आकडा निघाला साठ्याचा, दशलक्ष घनफुटांतला. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण 28 लिटर. म्हणजे धरणात साठलेलं पाणी मी नदीत वाहवून दिलं. दुसऱ्या दिवशी संपादकांनी मला बोलावलं, त्याला नाही. तेव्हा राग आला होता. आता वाटतं, एक मिनिट थांबून 'कसला रे हा आकडा?' एवढं विचारायला मला काय झालं होतं?

म्हणून चार वह्या बंद करा. एकच जाड वही ठेवा, ज्याचं अक्षर वाचता येतं त्याच्याकडे. प्रत्येक नोंदीपुढे कोण म्हणालं, त्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, कुठे, किती वाजता, आणि नोंद घेणाऱ्याची सही. तू आजारी पडलीस तरी त्या वहीवरून दुसऱ्याला चित्रीकरणाला जाता आलं पाहिजे. आत्ता अर्धं संशोधन तुझ्या डोक्यात आहे आणि 'सगळं मलाच करावं लागतं' ही तुझी तक्रार. बाकीच्यांनी करायचं तरी कशावरून? (हे वाचून रागावशील, चालेल.)

रविवारी दहाला सार्वजनिक वाचनालयात भेटू. 1840 पासूनचं आहे, जुन्या छापील मजकुराची चौकशी तिथूनच सुरू करू. चौघंही या. कॅमेरा नको; कॅमेरावाल्याला मात्र पेन आणायला सांग, पहिली नोंद त्याने लिहायची.

तुझा,
सर