यकृत थिनर ‘गाळतं’ का?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतून विचारणा आहे. टॉवेल-छपाईच्या जाळ्या थिनरने पुसणाऱ्या कामगारांसाठी फलक करायचाय, त्यावर ‘यकृत थिनर गाळून टाकते’ असं लिहिलं तर चालेल का? की ‘विघटन’ किंवा ‘निर्विषीकरण’ म्हणावं?

‘गाळणं’ नकोच. ते काम मूत्रपिंडांचं, आणि इथे त्यांचंही नुसत्या गाळण्याने भागत नाही. थिनरमधलं टोल्युइन चरबीत सहज मुरतं, पाण्यात जेमतेम विरघळतं. गाळलं गेलं तरी पुन्हा रक्तात शोषलं जातं. यकृत त्याला पाण्यात विरघळेल असं रूप देतं. आधी सीवायपी२ई१ हे विकर (एन्झाइम) त्याला ऑक्सिजन जोडतं आणि बेंझाइल अल्कोहोल होतं. मग बेंझाल्डिहाइड, मग बेंझोइक आम्ल. शेवटी त्याला ग्लायसिन हे अमिनो आम्ल चिकटतं आणि तयार झालेलं हिप्युरिक आम्ल लघवीवाटे निघून जातं. थोडं टोल्युइन मात्र जसंच्या तसं श्वासातून परत जातं.

या साखळीत टोल्युइनच्या रेणूतलं सहा कार्बनचं कडं (बेंझिनचं कडं) शेवटपर्यंत शाबूत राहतं. मोडतोड अशी होतच नाही, उलट जोडाजोडच जास्त. म्हणून ‘विघटन’ही नेमकं बसत नाही.

खरा धोका ‘निर्विषीकरण’ या शब्दात आहे. वाचणाऱ्याला वाटतं, यकृत आहे ना, बघून घेईल! चपलांच्या सोल्युशनमध्ये एन-हेक्झेन असू शकतं. यकृत त्याचं २,५-हेक्झेनडायोन करतं आणि त्यानेच हातापायांच्या नसा बधिर होतात. मिथेनॉलचं फॉर्मिक आम्ल होतं, नजर जाते ती त्यामुळे. म्हणजे विष यकृतातच तयार होतं. त्यात काम सुटल्यावर लगेच दारू घेतली तर तीच विकरं तिच्यामागे लागतात आणि टोल्युइन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं.

तेव्हा ‘रूपांतर’ लिहा. पाठ्यपुस्तकी ‘चयापचय’ बरोबर असलं तरी फलकावर जड होईल. थिनरला ‘द्रावक’ (सॉल्व्हंट) म्हणणंही नको, लोक ‘द्रावण’ वाचतात. ‘थिनर’च ठेवा:

‘थिनरची वाफ श्वासातून रक्तात जाते. यकृत तिचे रूपांतर करते, पण काही थिनरचे त्यातून जास्त घातक विष बनते. पंखा वाफ बाहेर ओढेल असा लावा. डबा झाकून ठेवा. हात थिनरने धुऊ नका.’

शेवटचं वाक्य गाळू नका. थिनर कातडीतूनही आत जातं.