वादळानंतर घरी परतताना : आधी छप्पर, मग झाडलोट

तुमचा प्रश्न असा : श्रीवर्धनजवळ किनाऱ्यालगत घर, पुढचा भाग कौलारू, मागची पडवी पत्र्याची, परसात विहीर आणि नारळ-सुपारीची वाडी. वादळाच्या आदल्या दिवशी सगळे माणगावला नातेवाइकांकडे गेलात. आता कधी परतायचं आणि पोचल्यावर सुरुवात कुठून करायची?

बहुतेक लोक पोचल्याबरोबर हातात खराटा घेतात. हाच क्रम चुकतो. चिखल आणि पाचोळा चार दिवस पडून राहिला तरी बिघडत नाही, पण छप्पर थांबू शकत नाही. वादळ पावसाळ्याच्या तोंडावरही येतं; निसर्ग चक्रीवादळ आलं ते ३ जून २०२० ला. उघड्या छपरातून पहिला मोठा पाऊस आत आला की वादळातून वाचलेली आगोट, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेलं सामानसुद्धा जातं.

निघण्याआधी गावात राहिलेल्या कुणाशी तरी बोला. वारा पडला म्हणजे वादळ गेलं असं नसतं. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, वरून जात असेल तर थोड्या वेळाने उलट दिशेने वारा सुटतो, म्हणून प्रशासनाने सांगेपर्यंत थांबा. घोणसे घाटात झाडं आणि दरड असणारच, तेव्हा निघायचं सकाळी आणि पोचायचं उजेडात. लहान मुलं आणि म्हातारी माणसं पहिल्या फेरीत नकोत. रोख पैसे लागतील, कारण वीज आणि टॉवर गेले की फोनवरून पैसे देता येत नाहीत. शिवाय पिण्याचं पाणी, बॅटरी, गमबूट, जाड हातमोजे, दोरी, खिळे आणि ताडपत्री माणगावहूनच घ्या; वादळानंतर तालुक्याच्या बाजारात ताडपत्री आणि पत्रे आधी संपतात.

दारात पोचल्यावर आधी वर आणि बाजूला बघा. लोंबणारी तार, वाकलेला खांब, तारेवर टेकलेलं झाड यांच्या जवळ जायचं नाही, गावात लाइट नसली तरी. कुणीतरी जनरेटर जोडलेला असतो आणि त्याची वीज उलटी लाइनमध्ये येऊ शकते. महावितरणला १९१२ वर कळवा. घरातला मेन स्विच कोरड्या जागी उभं राहून बंद करता येत असेल तरच करा. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरचे पॉइंट जिवंत असतात, आणि सोलर पॅनल ऊन असेपर्यंत वीज करतच राहतं. दोन्ही वेगळे बंद करावे लागतात. पाणी शिरलेले बोर्ड वरून कोरडे दिसले तरी खाऱ्या पाण्याचा क्षार आत राहतो आणि पुढे ठिणगी पडते, म्हणून बुडालेले स्विच आणि एमसीबी बदला. पंपाची मोटर वायरमनकडून तपासल्याशिवाय सुरू करू नका.

गॅसचा वास आला तर काहीच पेटवू नका, रेग्युलेटर काढून सिलिंडर बाहेर ठेवा. मातीच्या भिंतीपासून लांब राहा. ती भिजलेली असताना उभी राहिली तरी वाळताना ढासळू शकते. ढीग हातांनी उपसू नका, काठीने हलवा. कौलांच्या आणि झावळ्यांच्या ढिगात फुरसं आणि घोणस हमखास सापडतात.

मग फोटो. साफसफाईच्या आधी प्रत्येक खोली, छप्पर चारही बाजूंनी, पडलेली झाडं मोजता येतील अशी. तुटकी कौलं आणि पत्रे एका कोपऱ्यात रचा, फेकू नका. ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) पंचनाम्याला येतील तेव्हा सातबारा, घरपट्टीची पावती, आधार आणि पासबुकाची प्रत तयार ठेवा. घर आणि वाडी दोन्हींची नोंद झाली का, झाडांचा आकडा बरोबर लिहिला का, हे वाचूनच सही करा. पंचनाम्यासाठी छपराची तात्पुरती डागडुजी मात्र अडवून ठेवू नका. फोटो झाले की लागा.

ताडपत्री आढ्यावरून पलीकडच्या उतारावर किमान तीन फूट गेली पाहिजे, नाहीतर पाणी तिच्या खालून आत शिरतं. कडांच्या भोकांतून नुसती दोरी ओवली तर पहिल्या वाऱ्यात ती भोकं फाटतात. कड रिपेला दोन वेढे गुंडाळून मग ती रीप वाशाला ठोका. वर दगड-विटा ठेवू नका, त्या खाली माणसावर येतात. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका. ओला पत्रा निसरडा असतो आणि मधोमध फुटतो. खाली वासा आहे तिथे फळी टाकून चाला. नवे पत्रे घालताना जे-हुक उंचवट्यावर मारा, खोलगट भागात नाही, कारण पाणी तिथूनच वाहतं. उतारावर एकावर एक सहा इंच घ्या. वारा छप्पर उचलतो ते कडेपासून, म्हणून कोपऱ्यांवर आणि वळचणीला हुक दुप्पट. कौलं वळचणीपासून आढ्याकडे बसवत जा.

विहीर. पाणी ढवळलेलं पण गोडं असेल तर टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) पुरते. व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले ७८५, सगळं मीटरमध्ये, की लिटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम हे नेहमीचं प्रमाण, म्हणजे ७० ग्रॅम. पुराचं पाणी शिरलं असेल तर दुप्पट. पावडर बादलीत कालवा, दहा मिनिटं निवळू द्या, फक्त वरचं पाणी विहिरीत सोडून ढवळा. खालचा चुना टाकून द्या. तासाभराने पाणी वापरता येईल, प्यायचं उकळूनच. समुद्राचं पाणी आत आलं असेल तर टीसीएलने खारटपणा जात नाही. उपसा करावा लागतो, तोही थोडा थोडा. एकदम उपसलं तर खालचं खारं पाणी वर येतं आणि भिजलेला चिऱ्यांचा कठडा आत कोसळू शकतो.

भिजलेलं धान्य, पीठ आणि मसाले वाळवून वापरायचा मोह होतो; नको, बुरशीचं विष शिजवून जात नाही. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन चिखलात काम केल्याचं सांगा, म्हणजे लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) विचार आधी होईल.

वाडी सगळ्यात शेवटी. उपटलेल्या झाडाचं खोड कापलं की मुळांसकट बुंधा झटक्यात परत उभा राहतो, म्हणून त्या खड्ड्यात कुणी नको. वाकून ताणलेल्या फांदीला आतल्या, दबलेल्या बाजूने आधी उथळ खाप द्या, मग ताणलेली बाजू हळूहळू कापा. कललेला नारळ घाईने तोडू नका. मधली सुई, म्हणजे शेंड्याचं न उघडलेलं पान, हिरवी असेल तर तो जगतो. शेंड्यात एक टक्का बोर्डो मिश्रण घाला, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि शंभर लिटर पाणी, नाहीतर कोंब कुजतो. सुपारीच्या तरण्या पोफळी माती ओली आहे तोवर सरळ करून बांबूचा टेकू द्या. आणि शेजारची झाडं पडून सावली गेली असेल तर उरलेल्या पोफळींच्या खोडाला नैर्ऋत्येकडून झापं बांधा. पाऊस संपून ऊन पडलं की त्याच बाजूने खोड भाजून तडकतं.