बंद बरणीत वेल लावायचा असेल तर फायकस पुमिला घ्या

झाकणाच्या बरणीत लावलेला स्ट्रिंग ऑफ पर्ल्स सडला, आता नाशिकच्या हवेत कोणता वेल टिकेल, असं तुम्ही विचारलंय.

तुमची निगा कमी पडली असं समजू नका. तो वेल दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या भागातला. त्याचं मण्यासारखं गोल एकेक पान म्हणजे पाण्याचा साठा, त्यामुळे कोंडलेली दमट हवा त्याला सोसतच नाही. तो उघड्या कुंडीतच शोभतो.

बरणीसाठी मी बारीक पानांचा फायकस पुमिला सुचवेन. बंगल्यांच्या कंपाउंडला घट्ट चिकटून चढलेला दिसतो तोच, वड-उंबराच्या कुळातला. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवा इतकी कोरडी असते की उघड्यावर माती एकदा पूर्ण सुकली तर त्याची पानं कुरकुरीत होतात आणि मग तो सहसा सावरत नाही. बंद बरणीत ही भीतीच नाही. मनीप्लांट मात्र नको, त्याची वाढ फार दांडगी.

दोन-तीन डोळे असलेली काडी घ्या, ओलसर कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) आडवी ठेवा आणि डोळा हलकेच दाबा. मुळं तिथूनच फुटतात. शेणखत घालू नका. बुरशी येते आणि वेलही उगाच माजतो. वेल लोंबता हवा असेल तर काडी बरणीत एखाद्या काळ्या दगडाच्या माथ्यावर लावा, कारण सपाटीवर लावला की तो काचेकडे धावतो. आणि काच तो सोडत नाही. चार्ल्स डार्विनने याच वेलाची मुळं काचेवर टेकवून पाहिली होती. काही दिवसांनी त्यांतून चिकट द्रवाचे बारीक थेंब आले, असं त्याने १८६५ साली नोंदवलंय. म्हणून काचेला टेकलेला शेंडा कोवळा असतानाच सोडवा, नंतर डाग खरवडत बसावं लागतं.

छाटणी नाशिककरांना काय सांगायची! द्राक्षबागेत डोळा बघून कात्री चालवतात, तशीच इथेही चालवा. शेंडा खुडला की बगलेतून फुटवे येतात, वेल दाट होतो. कापल्यावर पांढरा चीक येतो, तो कागदाने टिपून घ्या. काहींच्या हाताला त्याने खाज सुटते.

पाण्याचा अंदाज काचच देते. सकाळी एका बाजूला धुकं धरलं आणि दुपारपर्यंत विरलं, तर पाणी बरोबर आहे. दिवसभर काच ओली राहिली तर झाकण काही तास काढून ठेवा. उजेड भरपूर हवा, पण थेट ऊन अजिबात नको. उन्हाळ्यात खिडकीतल्या उन्हात बंद बरणी भट्टीसारखी तापते, आतलं झाड एका दुपारीत शिजतं.

लावायला जून-जुलै उत्तम. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या थंडीने वाढ थबकते. तेव्हा झाड सुकतंय असं वाटून पाणी वाढवू नका.