गोव्यात दुकानातून मोबाईलवर येणारं बिल कसं वाचायचं? बाजारातले 'वांटो', 'पोसरो' हे शब्द म्हणजे काय?

प्रश्न असा आहे: पुण्याहून गोव्याला येताय, दुकानं-हॉटेलं कागदाऐवजी एसएमएसवर लिंक पाठवतात, त्यातलं काही कळत नाही आणि बाजारात कोकणी शब्द अडतात. आधी बिलाचं सांगतो, कारण पैसे तिथे जातात.

लिंक म्हणजे बिल नव्हे. ती काही दिवसांनी उघडेलच असं नाही, म्हणून काउंटरवर उभे असतानाच उघडा आणि पीडीएफ उतरवून घ्या. कागद मिळालाच तर लगेच फोटो काढा. थर्मल कागद (उष्णतेने अक्षरं उमटणारा, शाई नसलेला) उन्हात तापलेल्या गाडीत किंवा प्लास्टिकच्या पाकिटात राहिला की अक्षरं उडतात. मोबाईल नंबर द्यायची सक्ती नाही, दुकानदारांनी तो मागून अडवू नये असं ग्राहक व्यवहार विभागाने 2023 मध्येच सांगितलंय. बिलासाठी ओटीपी मागितला, तर बहुतेक वेळा तुम्हाला पॉइंटच्या योजनेत नोंदवलं जातंय. नको असेल तर सरळ 'नको' म्हणा आणि छापील बिल घ्या.

आता बिलाच्या डोक्यावरचा 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक बघा. गोव्यातल्या नोंदणीचा असेल तर तो 30 ने सुरू होतो, महाराष्ट्राचा 27 ने. तुम्ही पुण्याचे असलात तरी गोव्यात जेवलात, राहिलात की सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा) निम्मे-निम्मे लागतात. दुकानदाराने काजू कुरिअरने पुण्याला पाठवले, तर मात्र आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीवरचा जीएसटी, दिसेल. ती चूक नाही. 'बिल ऑफ सप्लाय' लिहिलं असेल तर तो दुकानदार कंपोझिशनवाला, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या करयोजनेतला, असू शकतो आणि मग त्याला वेगळा जीएसटी लावताच येत नाही.

खरी गफलत होते बार-रेस्टॉरंटमध्ये. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. म्हणून अनेक ठिकाणी एकाच टेबलाची दोन बिलं येतात, आणि लोकांना वाटतं आपल्याला दोनदा लुटलं. उलट एकत्र बिल आलं तर जास्त लक्ष द्या. समजा जेवण 560 आणि बिअर 240. जीएसटी फक्त 560 वर: 5 टक्के म्हणजे 14 अधिक 14, एकूण 28. सॉफ्टवेअरमध्ये दारू वेगळ्या गटात टाकलेली नसली, तर ते 800 वर 40 लावून मोकळं होतं. बारा रुपयांसाठी भांडू नका म्हणणारे भेटतील, पण चार जणांच्या टेबलावर हाच आकडा बराच फुगतो. मॅनेजरला 'लिकरवर जीएसटी लागलाय' एवढं म्हटलं की तो बहुधा लगेच दुरुस्त करतो. मोठ्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटमध्ये 5 ऐवजी 18 टक्के असू शकतात, मेन्यूकार्डवर बघून घ्या.

सर्व्हिस चार्ज हा कर नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या 4 जुलै 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो बिलात आपोआप टाकता येत नाही आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये त्या कायम ठेवल्या. काढायला सांगा. त्याच्यावर लावलेला जीएसटीही मग जातो, हे मात्र तपासा. पाण्याची बाटली दुकानात एमआरपीपेक्षा महाग विकता येत नाही. रेस्टॉरंटला मुभा आहे, त्यामुळे तिथे वाद घालून उपयोग नाही.

काजूच्या बिलावर 'डब्ल्यू 240', 'डब्ल्यू 320' असं छापलेलं असतं. डब्ल्यू म्हणजे पांढरा अख्खा गर, आणि आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. आकडा मोठा तितका दाणा बारीक. 320 चा पाव किलो घेतलात तर साधारण 165 ते 176 गर येतात, 180 चा घेतलात तर 94 ते 99. शंका आली तर मोजा! 180 च्या भावात 320 खपवणं सोपं असतं, कारण मोजतो कोण?

बाजारात बिलाची अपेक्षाच नको. पोसरो म्हणजे किराण्याचं छोटं दुकान. मासळीवाली 'वांटो' म्हणते तो वाटा, ढीग. सांगितलेला भाव त्या ढिगाचा असतो, किलोचा नव्हे. विचारायचं 'कितले?'. इसवण म्हणजे सुरमई, सुंगटां म्हणजे कोळंबी, तांतयां म्हणजे अंडी. पदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे, पोयी, उंडे हे पाव नगावर मिळतात.

तिथे यूपीआयने पैसे देताना स्क्रीनवर आलेलं नाव वाचून दाखवा, कधीकधी क्यूआर घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर असतो. पैसे कापले गेले आणि विकणाऱ्याला आले नाहीत, तर लगेच पुन्हा देऊ नका. व्यवहार 'प्रलंबित' आहे का ते बघा आणि 12 अंकी यूटीआर (व्यवहाराचा) क्रमांक लिहून ठेवा. स्क्रीनशॉट बँकेला उपयोगी पडतो, पण बिलाच्या जागी चालत नाही. मोठ्या दुकानाने बिलच नाकारलं, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.