'महिला शास्त्रज्ञ', 'शास्त्रज्ञा' की नुसतं 'शास्त्रज्ञ'?

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विज्ञान दिनासाठी सातवीतल्या मुलीनं फलक केला: 'शास्त्रज्ञ डॉ. अण्णा मणी यांनी हवामानाची उपकरणं तयार केली.' वर्गातल्या बहुतेकांना हे कुणी गृहस्थ वाटले. मग 'महिला शास्त्रज्ञ' लिहावं की 'शास्त्रज्ञा'?

'शास्त्रज्ञा' संस्कृतच्या नियमानं बिनचूक आहे; सर्वज्ञ-सर्वज्ञा, तसंच हे. पण मराठीत लेखिका, कवयित्री, संशोधिका रुळल्या, 'शास्त्रज्ञ' मात्र वकील, डॉक्टर यांच्या पंगतीत बसला. तो दोघांनाही चालतो. 'महिला शास्त्रज्ञ' मला खटकतं. शेजारच्या फलकावर 'पुरुष शास्त्रज्ञ रामन' कुणी लिहिणार नाही.

खरी अडचण नामात नाहीच, क्रियापदात आहे. मराठीत बाई ओळखू येते ती क्रियापदावरून. आपल्या विदर्भाकडे तर बाई 'मी शिकली', 'मी गेली' असंच म्हणते. दाराआडून ऐकलं तरी कोण बोलतंय ते कळतं. 'शास्त्रज्ञ आल्या' म्हटलं की शंका उरत नाही. आता त्या मुलीचं वाक्य बघा: 'यांनी उपकरणं तयार केली'. हा कर्मणी प्रयोग. क्रियापद उपकरणांच्या मागे गेलं. शोध लावला, यंत्र बनवलं, नोंद ठेवली: विज्ञानाच्या इतिहासात लागणारी नेमकी हीच वाक्यं, आणि त्यांतच करणारीचं लिंग पुसलं जातं. 'यांनी', 'त्यांनी' ही सर्वनामंही काही सांगत नाहीत. मोकळ्या जागी वाचक सवयीनं पुरुष बसवतो. मला हे फार लागतं, कारण इथे कुणी मुद्दाम काही लपवलेलं नसतं.

त्यात 'अण्णा' या नावानं घोळ वाढवला. आपला अण्णा म्हणजे थोरला भाऊ, नाहीतर घरातलं वडीलधारं माणूस. मल्याळममध्ये या नावात 'ण' नाही, दोन 'न' आहेत. तेव्हा 'अन्ना' लिहा.

आणि 'डॉ.' खोडा. अन्ना मणी (१९१८-२००१) बंगळुरूला रामन यांच्या प्रयोगशाळेत हिरे आणि माणकांवर काम करत होत्या. प्रबंध लिहून झाला, पण एम.एस्सी. नाही म्हणून मद्रास विद्यापीठानं पीएच.डी. दिली नाही. जी पदवी नाकारली गेली ती आपण कौतुकानं चिकटवली, तर तो अन्यायही झाकला जातो.

त्या १९४८ साली पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. तेव्हा साधी उपकरणंसुद्धा बाहेरून आणावी लागत. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित केले, म्हणजे ती इथेच, एकसारखी बनू लागली. मे महिन्यात नागपूरच्या सोनेगावचा पारा किती चढला हे आपण रोज वाचतो. एका गावचा आकडा दुसऱ्या गावच्या आकड्याशेजारी ठेवायचा तर दोन्हीकडची उपकरणं सारखी हवीत. उपमहासंचालक पदावरून त्या १९७६ मध्ये निवृत्त झाल्या.

'रुजू झाल्या', 'निवृत्त झाल्या' इथे क्रियापद त्यांच्याच बाजूला आहे. म्हणून फलकावर असं एक वाक्य आधी घ्या, कामाचं नंतर:

'शास्त्रज्ञ अन्ना मणी १९४८ साली पुण्याच्या हवामान खात्यात रुजू झाल्या. हवामानाची सुमारे शंभर उपकरणं देशातच बनावीत म्हणून त्यांनी आराखडे प्रमाणित केले.'