महाजाल नव्हे, आंतरजाल (आणि आतडं)

प्रश्न असा: सेतू केंद्रावर ‘सर्व्हर डाऊन हाये’, बँकेत ‘लिंक नाही’, घरी पोरं म्हणतात ‘नेट गेलं राजेहो’. तिन्ही एकच का? आणि इंटरनेटला महाजाल म्हणावं की आंतरजाल?

एकच कसे असतील? लिंक म्हणजे रस्ता, सर्व्हर म्हणजे पलीकडचा माहिती देणारा संगणक. सातबारा निघत नसेल तर तिथेच दुसरी एखादी साइट उघडून पाहावी. उघडली तर रस्ता धड आहे, सर्व्हर बसला. काहीच उघडत नसेल तर लिंक गेली: कुठे जेसीबीनं केबल तोडली, कुठे लाइन गेल्यावर टॉवरची बॅटरी उतरली. खापर मात्र दर वेळी सर्व्हरवर.

‘महाजाल’ भारदस्त वाटतो, पण चूक. भंडाऱ्याकडच्या मालगुजारी तलावात टाकलेलं जाळं कितीही लांब असो, ते एकच. अर्पानेट हे १९६९ चं, अमेरिकेतले संगणक जोडणारं, असंच एक जाळं. रेडिओवरचं वेगळं, उपग्रहावरचं वेगळं, प्रत्येकाचे नियम निराळे. ती एकमेकांना जोडायची कशी, हे विंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन या संगणकतज्ज्ञांनी डिसेंबर १९७४ च्या ‘आरएफसी ६७५’ या तांत्रिक टिपणात मांडलं. ‘इंटरनेटवर्क’चं ‘इंटरनेट’ हे आखूड रूप त्यातलंच. अर्थ: जाळ्याजाळ्यांमधलं. म्हणून आंतरजाल.

आता खरी गंमत. लॅटिनचं ‘इंटर’ आणि संस्कृतचं ‘अंतर्’ एकाच मुळातली भावंडं. त्याच कुळात ग्रीक ‘एंटेरॉन’ आणि संस्कृत ‘अंत्र’, म्हणजे आपलं आतडं! लेकरासाठी तुटणारं आतडं आणि इंटरनेटमधलं ‘इंटर’ हे चुलतभाऊ. यावर ‘अंतर्जाल’वाले पंडित लगेच उसळतात: मग अंतर्-च लिहा की! संस्कृतात त्याचे ‘आत’ आणि ‘मध्ये’ असे दोन्ही अर्थ आहेत, कबूल. पण मराठीनं वाटणी केव्हाच करून टाकली. अंतर्गत भांडण घरातल्या घरात, आंतरजातीय लग्न दोन जातींत. ऑफिसच्या चार भिंतींतल्या इंट्रानेटला खुशाल अंतर्जाल म्हणा. संस्कृत कोशाचा दंडुका मराठीवर कशाला?

‘नेट गेलं’ राहिलंच. त्यात ‘इंटर’ गळालंय, बोलण्यात चालेल. फक्त पुष्कळदा नेट गेलेलं नसतंच. दिवसाचा दीड जीबी संपून वेग ६४ केबीपीएसवर उतरलेला असतो, रात्री बारापर्यंत.